व्हायोला: व्हायोलिनच्या शेजारी बसणाऱ्या वाद्याची ओळख

सुरंगी (वेंगुर्ले)

गोव्यापासून रत्नागिरीपर्यंत व्हायोलिन न ऐकलेला रसिक सापडणे कठीण आहे. व्हायोला मात्र डोळ्यांसमोर असूनही ओळखला जात नाही. वाद्यवृंदाचे चित्रीकरण पाहताना व्हायोलिनवादकांच्या जवळच, तसेच पण थोडे थोराड वाद्य हनुवटीखाली धरून बसलेली माणसे दिसतात आणि आपण त्यांनाही व्हायोलिनवादकच समजतो. व्हायोला म्हणजे नुसते आकाराने वाढवलेले व्हायोलिन नव्हे. त्याचा आवाज वेगळा का येतो आणि त्या वेगळेपणातच त्याचे मोल कसे आहे, हे नीट मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम तारांविषयी. आपल्याकडे बहुतेकांना हार्मोनियमच्या पट्ट्या ठाऊक असतात, म्हणून त्याच भाषेत सांगते. मंद्र, मध्य आणि तार म्हणजे खालचे, मधले आणि वरचे सप्तक. व्हायोलिनच्या चार तारा खालून वर मंद्र पांढरी 5, मध्य पांढरी 2, मध्य पांढरी 6 आणि तार पांढरी 3 अशा लावतात. व्हायोलाच्या तारा मंद्र पांढरी 1, मंद्र पांढरी 5, मध्य पांढरी 2 आणि मध्य पांढरी 6 अशा असतात. म्हणजे तीन तारा दोन्ही वाद्यांत त्याच आहेत. व्हायोलिनची सर्वांत बारीक तार येथे नाही आणि तिच्याऐवजी खाली एक जाड तार आलेली आहे. या जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे 131 असतात, तर व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेची 196. चेलो म्हणजे याच घराण्यातले, उभे धरून वाजवायचे मोठे वाद्य; त्याच्या तारा व्हायोलासारख्याच, पण पूर्ण एक सप्तक खाली असतात.

खरी मेख पुढे आहे. व्हायोलिनच्या पेटीची, म्हणजे मान सोडून उरलेल्या पोकळ लाकडी अंगाची, लांबी सुमारे 35.5 सेंटिमीटर असते आणि गेली काही शतके ती जवळपास ठरून गेली आहे. व्हायोलाचे सूर पाच स्वर खाली, म्हणजे पंचमाच्या अंतराने उतरतात. त्याच प्रमाणात पेटी वाढवायची तर ती दीडपट, म्हणजे 53 सेंटिमीटरच्या घरात जाईल. एवढे वाद्य खांद्यावर धरून डावा हात फिरवणे कोणालाही जमणार नाही. म्हणून कारागिरांनी मधला मार्ग काढला आणि व्हायोलाची पेटी साधारण 38 ते 43 सेंटिमीटरांत ठेवली. तिचे एकच एक माप आजही ठरलेले नाही. वादकाचा हात जेवढा पेलेल तेवढे वाद्य, असाच हिशेब आहे. इंग्लंडचे व्हायोलावादक लायोनेल टर्टिस (1876–1975) यांनी आयुष्यभर हा प्रश्न धसास लावला आणि सुमारे साडेबेचाळीस सेंटिमीटरांचा एक नमुना बसवून घेतला, जो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

सुरांच्या मानाने पेटी लहान, या एका गोष्टीतून व्हायोलाचा सगळा स्वभाव घडला आहे. पेटीतील हवेचा स्वतःचा एक मुख्य नाद असतो आणि त्याच्या आसपासचे स्वर वाद्यातून जोमाने बाहेर पडतात. व्हायोलिनमध्ये हा नाद मधल्या तारांच्या टापूत नेमका बसतो. व्हायोलात मात्र तो तारांच्या मानाने वरच्या बाजूला पडतो, त्यामुळे खालच्या तारेच्या मूळ स्वराला पेटीचा पुरेसा आधार मिळत नाही. आपल्याला ऐकू येतो तो बराचसा त्या स्वराच्या वरच्या अंशस्वरांचा (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या उंच स्वरांचा) मेळ, आणि कान त्यावरून मूळ स्वर ओळखतो. जाड तारेवरचा तो किंचित घोगरा, दाट, आतल्या आत बोलणारा आवाज येथून येतो. एका बाजूने पाहिले तर ही रचनेतली उणीव आहे, पण माझ्या मते व्हायोला वाजवण्याचे सर्वांत मोठे कारणही तीच आहे. व्हायोलिनची बारीक तार आभाळाकडे झेपावते, चेलोची खालची तार जमीन हलवते; व्हायोलाची जाड तार माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत बोलते.

वाजवतानाही हा फरक लगेच जाणवतो. जाड तार हलायला वेळ घेते. व्हायोलिनच्या सवयीने गज झरकन ओढला तर नुसती घसरल्याची सळसळ ऐकू येते आणि स्वर उमटतच नाही. गज सावकाश, हाताचे वजन तारेत सोडून आणि स्वराच्या आरंभी तारेला किंचित पकडून ओढावा लागतो. म्हणूनच व्हायोलाचा गज जड असतो, सुमारे 70 ग्रॅम, तर व्हायोलिनचा साधारण 60. डाव्या हाताच्या बोटांतील अंतरेही वाढतात आणि करंगळीला तर नव्याने शिकवावे लागते.

स्वरलिपीत पाच रेषांच्या मधल्या रेषेवर मध्य पांढरी 1 येते अशी निराळी खूण व्हायोलासाठी वापरतात. व्हायोलिनवरून येणाऱ्याला काही आठवडे त्रास होतो, मग डोळा सरावतो.

इतिहास थोडक्यात सांगते. सोळाव्या शतकात उत्तर इटलीत, क्रेमोनात आंद्रेआ आमाती यांच्या आणि ब्रेशात गास्पारो दा सालो यांच्या कारखान्यांत व्हायोलिनबरोबरच व्हायोलाही आकाराला आला. वाद्यवृंदात त्याला दीर्घकाळ मधले स्वर भरण्याचेच काम दिले गेले, त्यामुळे चांगले वादक तिकडे वळत नसत. मोठ्या रचनाकारांना मात्र त्याची ओढ होती. बाख यांना व्हायोला वाजवणे आवडे, बेथोव्हेन तरुणपणी बॉनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोला वाजवत आणि द्व्होर्झाक यांनी प्राग येथील नाट्यगृहात याच वाद्यावर नोकरी केली. स्वरमेळाच्या ऐन मध्यावर बसल्यावर वरची चाल आणि खालचा पाया दोन्ही ऐकू येतात. रचना करणाऱ्याला याहून चांगली जागा नाही.

प्रश्न अवश्य विचारावेत.

खाडीकाठ (राजापूर)

सुरंगीताई, मुद्दा स्पष्ट कळला. एक शंका आहे. खांद्यावर धरता येत नाही म्हणून पेटी लहान ठेवली असेल, तर चेलोप्रमाणे उभा धरून वाजवण्याचा मोठा व्हायोला कोणी का केला नाही?

मांडवी (पणजी)

खाडीकाठ, तो केलेला आहे. अमेरिकेतील कार्लीन हचिन्स यांनी ध्वनिशास्त्राचा अभ्यास करून व्हायोलिन घराण्यातील आठ वाद्यांचा नवा संच तयार केला. त्यात सुमारे 50 सेंटिमीटर पेटीचे एक वाद्य व्हायोलाच्या सुरांचे असून ते उभे धरून वाजवतात. प्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा यांनी बार्टोक यांची व्हायोला कन्चेर्टो (एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) त्यावर वाजवून ध्वनिमुद्रित केली आहे.

ते वाद्य जरूर ऐकावे, कारण ताईंनी वर मांडलेल्या मुद्द्याचा पडताळा तेथे मिळतो. खालची तार भरघोस आणि मोकळी वाजते, स्वराला कोठेही अडखळ नाही. आणि तरीही व्हायोलाचे म्हणून जे काही आपण ओळखतो, ते त्यात कमी होते. नेहमीच्या व्हायोलाची जागा त्याने घेतली नाही, हे मला योग्यच वाटते.

पखवाजी (कुडाळ)

आमच्याकडे भजनाला हार्मोनियम, पखवाज आणि झांज एवढीच साथ असते. क्वचित कोणी व्हायोलिन घेऊन बसतो. ते गोड वाटते, पण बुवांच्या आवाजापेक्षा वरच राहते आणि गाण्याला बिलगत नाही, असे मला नेहमी वाटते. व्हायोला आपल्या गायनाच्या साथीला चालेल काय? चालत असेल तर तारा कशा लावाव्यात?

सुरंगी (वेंगुर्ले)

पखवाजी, तुमच्या कानाने अगदी नेमके टिपले आहे. बुवांची पट्टी काळी 1 असेल, तर त्यांचा मध्य षड्ज हार्मोनियमच्या मंद्र सप्तकातील काळी 1 वर येतो, कारण पुरुषाचा आवाज मुळात खालच्या सप्तकात चालतो. व्हायोलिनची सर्वांत खालची तार त्याच्याही बरीच वर आहे. त्यामुळे व्हायोलिनवादक बहुतेक वेळ गायकापेक्षा एक सप्तक वरून साथ करतो. साथ सुंदर होते, पण ती आवाजाच्या आत शिरत नाही.

व्हायोलावर काय होते पाहा. खालच्या दोन तारा अर्ध्या स्वराने चढवाव्यात आणि वरच्या दोन अर्ध्या स्वराने उतरवाव्यात. मंद्र पांढरी 1 ची काळी 1 होते, पांढरी 5 ची काळी 4 होते, मध्य पांढरी 2 उतरून काळी 1 वर येते आणि पांढरी 6 उतरून काळी 4 वर. सा, प, सा, प असे मेळ तयार झाले, तेही एकाही तारेवर अवास्तव ताण न देता. सर्वांत खालची तार म्हणजे थेट बुवांचा मध्य षड्ज. तेथून वर सगळे गाणे त्यांच्याच सप्तकात वाजवता येते. मंद्रातील जागा तेवढ्या मिळत नाहीत, त्या वरच्या सप्तकातूनच घ्याव्या लागतात. गायिकेची पट्टी काळी 4 असेल, तर दुसरी जाड तार षड्ज धरावी. मग खाली मंद्र मध्यमापर्यंत जाता येते.

बैठकीचाही येथे फायदा होतो. आपल्याकडे मांडी घालून, वाद्याचे टोक उजव्या पायावर टेकवून वाजवतात. वाद्याचे वजन पाय पेलतो आणि डावा हात मींडेसाठी मोकळा राहतो. पाश्चात्त्य पद्धतीत ज्या मोठ्या व्हायोलाने खांदा दुखतो, तोच या बैठकीत सुखाने वाजवता येतो. गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, दामोदर केशव दातार, एन. राजम अशा वादकांनी हिंदुस्थानी व्हायोलिनवर गाणे कसे उतरवले, हे आपण ऐकलेले आहे. व्हायोलाला अजून तसा वारसा उभा राहिलेला नाही. कर्नाटक संगीतात एम. बालमुरलीकृष्ण गायनाबरोबर व्हायोलाही वाजवत असत, हे लक्षात घेण्याजोगे उदाहरण आहे.

एक सावधगिरी सांगते. पखवाजासारख्या जोरकस वाद्यापुढे व्हायोला ध्वनिवर्धकाशिवाय टिकणार नाही. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या, गजरात तो हरवेल. घरच्या किंवा देवळातल्या शांत भजनात, विलंबित अभंगाला तो शोभून दिसेल.

मांडवी (पणजी)

साथीचा विषय निघाला म्हणून थोडी भर घालतो. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचणे आणि व्हायोलिन वाजवणे शिकवले जाई. तेथे तयार झालेले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवण्याची त्यांची तयारी आणि स्वरमेळाचे ज्ञान यांवर हिंदी चित्रपटगीतांचे वाद्यवृंद उभे राहिले. मजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे त्यांपैकी मोठे नाव. आर. डी. बर्मन आणि प्यारेलाल या दोघांनीही त्यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले. 1958 मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन करून भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला.

अशा वाद्यवृंदात व्हायोलाचे काम कोणते, ते ऐकण्याची एक सोपी रीत आहे. जुन्या गाण्याच्या अंतऱ्यापूर्वीचा तारवाद्यांचा तुकडा लावावा. पहिल्यांदा वरची व्हायोलिनची चाल ऐकावी, दुसऱ्यांदा खालचा चेलो ऐकावा, आणि तिसऱ्यांदा या दोहोंना सोडून मध्ये काय हलते आहे तेवढेच धरावे. तेथे एखादा लांब स्वर एका सुराने खाली सरकतो आणि सगळ्या तुकड्याचा भाव पालटतो. ती सरक पुष्कळदा व्हायोलाची असते.

खाडीकाठ (राजापूर)

ही रीत आजच करून पाहतो. पाश्चात्त्य संगीतातील कोणत्या रचनेपासून आरंभ करावा?

सुरंगी (वेंगुर्ले)

टेलेमान यांची जी मेजरमधील कन्चेर्टो घ्यावी. व्हायोलासाठी लिहिलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात कन्चेर्टोंपैकी ती एक आहे, आणि नवख्या कानालाही तिची चाल धरता येते. त्यानंतर बाख यांची सहावी ब्रांडेनबुर्ग कन्चेर्टो ऐकावी. तिच्यात व्हायोलिन अजिबात नाही आणि दोन व्हायोला एकमेकांचा पाठलाग करतात.

थोडे अधिक लिहिते ते मोझार्ट यांच्या 1779 मधील सिन्फोनिया कन्चेर्टान्ते या रचनेविषयी. तिच्यात व्हायोलिन आणि व्हायोला बरोबरीने बोलतात. रचना ई फ्लॅट मेजरमध्ये आहे. मोझार्ट यांनी व्हायोलाच्या चारही तारा अर्ध्या स्वराने चढवायला सांगितल्या आणि त्याची स्वरलिपी डी मेजरमध्ये, म्हणजे अर्ध्या स्वराने खालच्या पट्टीत, लिहिली. त्यामुळे वादकाला मोकळ्या तारांचा भरपूर उपयोग करता येतो, तारांचा ताण वाढतो आणि आवाज उजळ होतो. व्हायोलिनशेजारी व्हायोला दबत नाही. स्वतः व्हायोला वाजवणाऱ्यालाच सुचावी अशी ही युक्ती आहे. आज बरेच वादक तारा न चढवता नेहमीच्या मेळातच ही रचना वाजवतात. दोन्ही तऱ्हेची ध्वनिमुद्रणे मिळाली तर लागोपाठ ऐकावीत.

बर्लिओझ यांनी 1834 मध्ये ‘हॅरल्ड इन इटली’ ही रचना लिहिली ती व्हायोलिनवादक पागानिनी यांच्या मागणीवरून. पागानिनी यांच्याकडे नामवंत कारागीर स्ट्राडिव्हारी यांनी घडवलेला व्हायोला होता आणि तो मिरवायला त्यांना रचना हवी होती. व्हायोलाला त्यात फार वेळ गप्प बसावे लागते, म्हणून त्यांनी ती वाजवली नाही. काही वर्षांनी प्रत्यक्ष ऐकल्यावर मात्र भारावून जाऊन बर्लिओझ यांना 20,000 फ्रँक दिले.

विसाव्या शतकात तर व्हायोलाचे भाग्यच उजळले. रिबेका क्लार्क यांची 1919 ची सोनाटा (येथे व्हायोला आणि पियानो यांच्यासाठीची रचना), विल्यम वॉल्टन यांची 1929 ची कन्चेर्टो आणि शोस्ताकोविच यांची 1975 ची सोनाटा, जी त्यांची अखेरची रचना ठरली, या तिन्ही ऐकल्याशिवाय या वाद्याविषयी मत बनवू नये. यांतली एकच निवडायला सांगितली तर मी क्लार्क यांची निवडीन, कारण पहिल्याच हाकेला व्हायोला आपला पूर्ण आवाज त्यात लावतो.

नवशिका (रत्नागिरी)

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि व्हायोलिन शिकते. ध्वनिमुद्रण ऐकल्यापासून तिने व्हायोलाचा ध्यास घेतला आहे. दोन अडचणी आहेत. एक म्हणजे तिचा हात लहान आहे. दुसरी आपल्या हवेची. पावसाळ्यात घरातल्या व्हायोलिनच्याच खुंट्या घट्ट बसतात आणि पेटीवर बुरशीची पांढरी साय धरते. महागडे वाद्य घेऊन ते खराब झाले तर वाईट वाटेल. शिवाय एका दुकानदाराने मोठ्या मापाच्या व्हायोलिनलाच व्हायोलाच्या तारा लावून देतो असे सांगितले आहे. त्यात काही खोट आहे काय?

सुरंगी (वेंगुर्ले)

नवशिका, दुकानदाराचे म्हणणे अगदीच खोटे नाही. लहान मुलांना आरंभी व्हायोलिनच्या पेटीवर व्हायोलाच्या तारा लावून देण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि मुलीला पूर्ण मापाचे व्हायोलिन पेलत असेल, तर बोटांची जागा आणि स्वरलिपी शिकायला तेवढे पुरते. परंतु मूळची अडचण येथे दुप्पट होते: पेटी आणखी लहान, म्हणून जाड तार ढिली आणि पोकळ वाजते. जो आवाज ऐकून तिने ध्यास घेतला, तोच तिला मिळणार नाही. म्हणून ही सोय एखाद-दोन वर्षांचीच समजावी आणि त्यासाठी व्हायोलाची किंमत मोजू नये.

पुढे खरे वाद्य घेताना मापाच्या आकड्यावर जाऊ नका. वाद्य धरून डावा हात लांब करावा. टोकाच्या गुंडाळीखाली तळवा सहज पोहोचला आणि कोपर किंचित वाकलेले राहिले, तर माप ठीक. मग फक्त जाड तार वाजवून पाहावी, सावकाश, हळू आवाजात. मोठ्याने वाजवल्यावर बहुतेक वाद्ये बरी वाटतात. हळू वाजवताना स्वर स्पष्ट उमटला तर वाद्य घेण्यासारखे आहे. चाळीस सेंटिमीटरांचा उत्तम घडलेला व्हायोला त्रेचाळीस सेंटिमीटरांच्या सामान्य व्हायोलापेक्षा केव्हाही चांगला.

हवेविषयी मांडवी यांनी लिहावे; त्यांना दुरुस्तीचा अनुभव आहे.

मांडवी (पणजी)

लिहितो, आणि सविस्तर लिहितो, कारण आपल्या किनाऱ्यावर वाद्ये वाजवण्याने कमी आणि हवेने अधिक झिजतात.

या वाद्यांची वरची फळी स्प्रूसच्या लाकडाची आणि पाठ, बाजू व मान मेपलच्या लाकडाची असते. फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते. लाकूड ओलावा शोषून आडवे फुगते. वाद्याला 40 ते 60 टक्के आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे मिरगानंतर ती कित्येक दिवस नव्वदीच्या आसपास असते. फळी फुगून उचलली की तारा फिंगरबोर्डपासून, म्हणजे बोटे दाबायच्या पट्टीपासून, वर जातात आणि बोट दाबायला जड वाटते. व्हायोलाची फळी अधिक रुंद असल्याने हा फरक व्हायोलिनपेक्षा लवकर जाणवतो.

वाद्याची फळी आणि बाजू प्राण्यांच्या सरसाने मुद्दाम हलक्या चिकटवलेल्या असतात. लाकूड फुगले किंवा आकसले, तर सांधा सुटावा पण फळी तडकू नये, अशी त्यामागची योजना आहे. पावसाळ्यात अचानक एखाद्या स्वरावर झणझण ऐकू येऊ लागली, तर बोटाच्या पेराने वाद्याच्या कडेकडेने हलकेच टकटक करत जावे. सांधा धड असेल तेथे भरीव आवाज येतो. सुटला असेल तेथे दोन पातळ फळ्या एकमेकींवर आपटल्यासारखा चिरका आवाज येतो. ती जागा खडूने नोंदवावी, तारा थोड्या सैल कराव्यात आणि वाद्य कारागिराकडे न्यावे. घरातला पांढरा गोंद किंवा झटपट चिकटणारा गोंद कदापि लावू नये. तो पुन्हा सुटत नाही, आणि पुढच्या वेळी सांध्याऐवजी फळीच चिरते.

घट्ट बसलेल्या खुंट्या जोर लावून फिरवू नयेत. वाद्य पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह दोन-तीन दिवस बंद ठेवावे, खुंटी आपोआप सैल होते. पुड्या निळ्या किंवा केशरी रंगाच्या घ्याव्यात, म्हणजे रंग पालटला की त्या ओल्या झाल्याचे कळते आणि तापवून पुन्हा वापरता येतात. पेटाऱ्यात आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र ठेवावे. पेटारा बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, कारण आपल्याकडे चिऱ्याच्या भिंती पावसात ओल धरतात. आणि चुलीवरच्या माळ्यावर तर मुळीच ठेवू नये, कारण तेथे ओल नसली तरी उष्णतेने सरस सुटतो.

गजाचीही काळजी तेवढीच घ्यावी. घोड्याचे केस दमट हवेत लांबतात आणि कोरड्या हवेत आखडतात. जुलैत रत्नागिरीत ताणलेला गज तसाच ठेवून मुंबईच्या वातानुकूलित सभागृहात नेला, तर केस आखडून गजाचे टोक तुटू शकते. म्हणून वाजवणे झाले की प्रत्येक वेळी गज सैल करावा. घाम आणि खारी हवा यांनी तारांवरचे धातूचे वेष्टन काळे पडते. सुती कापडाने तारा रोज पुसाव्यात आणि त्यावर साचलेली राळही काढावी. बुरशी दिसली तर कोरड्या मऊ कापडाने पुसून वाद्य सावलीत, वाऱ्यावर ठेवावे. उन्हात ठेवल्यास वार्निश मऊ होऊन फोड धरते.

सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे वाद्य रोज वाजवणे. पेटारा रोज उघडला की खुंट्या हलतात, बुरशी वेळीच दिसते आणि सांधा सुटला तर त्याच दिवशी कानाला कळतो.

नवशिका (रत्नागिरी)

दोघांचेही मनापासून आभार. सध्या मुलीच्या व्हायोलिनलाच व्हायोलाच्या तारा लावून घेतो आणि खरे वाद्य पावसाळा सरल्यावर पाहतो. शेवटचा प्रश्न: जाड तारा लावल्यावर घोडी, म्हणजे तारा उचलून धरणारी पेटीवरची लाकडी पट्टी, बदलावी लागेल काय?

मांडवी (पणजी)

घोडी बदलावी लागेलच असे नाही, परंतु घोडीवरच्या आणि वरच्या टोकाच्या खाचा जाड तारेसाठी किंचित रुंद कराव्या लागतात, नाहीतर तार खाचेत अडकून तिचे वेष्टन उसवते. ते काम कारागिराकडूनच करून घ्यावे. चारही तारा एकदम काढू नका. एकेक काढून त्या जागी नवी चढवावी. सगळा ताण एकाच वेळी गेला, तर पेटीच्या आत दोन फळ्यांमध्ये उभी असलेली साउंडपोस्टची काडी पडते आणि ती पुन्हा उभी करायला वेगळे हत्यार लागते.

पखवाजी (कुडाळ)

सुरंगीताई, ओळखीच्या एका व्हायोलिनवादकाला सा, प, सा, प असा मेळ सांगितला आहे. त्यांच्या जुन्या व्हायोलिनला व्हायोलाच्या तारा लावून येत्या एकादशीला देवळात बसवतो. पखवाज मी हलक्या हाताने वाजवीन. कसे जमले ते येथेच कळवतो.